पुलावर थांबू नये

पुलावर एकशे सव्वीस माणसं होती, चार म्हशी होत्या, एक हलगी होती आणि अकरा छत्र्या होत्या. त्यांतली एक छत्री वाऱ्याने उलटी झाली होती. पुलाच्या तोंडाशी 'पाणी वाढत आहे, पुलावर थांबू नये' असा पंचायतीचा पत्र्याचा फलक होता. त्याला कुणीतरी सायकल टेकवून ठेवली होती.

मी ग्रामपंचायतीच्या गच्चीवरून मोजत होते. माणसं दोनदा मोजली, कारण ती हलत होती. म्हशी एकदाच.

"किती भरली?" खालून येसबातात्यांनी विचारलं.

"एकशे सव्वीस."

"गेल्या साली यापेक्षा जास्त हुती," तात्या म्हणाले. त्यांच्या आवाजात जरा खंत होती.

तात्या पंचायतीचे शिपाई. पंचायतीच्या गच्चीवर जो भोंगा होता, त्यावरून गावाला सूचना द्यायचं काम त्यांचं. पोलिओचा डोस, रेशनचं धान्य, हरवलेली शेळी, मयत, सगळं त्यांच्याच आवाजात गावापर्यंत पोचायचं. पावसाळ्यात पुराच्या सूचनाही तेच द्यायचे. फक्त त्या वर्षी त्या लिहून द्यायला मी होते.

याला आता बरीच वर्षं झाली. मी भौतिकशास्त्रात बी.एस्सी. होऊन घरी बसले होते, आणि तालुक्याने नदीकाठच्या प्रत्येक गावात पावसाळ्यापुरता एक पूर सूचना सहायक नेमायचं ठरवलं होतं. तांबूळवाडीत माझी नेमणूक निव्वळ गुणवत्तेवर झाली. अर्ज एकच आला होता आणि सरपंच माझी आई होती.

काम सोपं होतं. धरणावरून फोन यायचा, किती पाणी सोडलं ते सांगायचे, मी पुलाच्या खांबावर रंगवलेल्या खुणांवरून पातळी बघायची आणि सूचना लिहून तात्यांना द्यायची. लोक सूचना ऐकतात का, हे बघायला कुणी सांगितलं नव्हतं. ते मी माझ्या हौसेनं बघत होते.

थोड्याच दिवसांत एक कल दिसू लागला. 'नदीकाठच्या लोकांनी सतर्क राहावे' असं सांगितलं की पुलावर तीसेक माणसं जमायची. 'पुलावर थांबू नये' म्हटलं की सत्तर. एकदा मी वैतागून 'जीवितास धोका' असं लिहिलं, तर शंभरावर गेली आणि शेजारच्या वाडीची पोरं मोटारसायकलवर तिघं-तिघं बसून आली. मग एक दिवस प्रयोग म्हणून पाणी तेवढंच असताना सूचनाच दिली नाही. पुलावर सहा जण आले. त्यांतले दोघे म्हशी धुवायला आले होते.

फक्त एक निरीक्षण या कलात बसत नव्हतं. जुलैत एका सकाळी पूल भरलेला होता आणि बघता बघता मोकळा झाला. नवी सूचना नव्हती, पाऊस नव्हता. वेशीतून वीज कंपनीची जीप आली होती, एवढंच. डीपीचा फ्यूज बदलून ती निघून गेली. मी मनातल्या मनात तिथे प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.

गर्दीचं कारण मात्र मला ठाऊक होतं. आमचा पूल बुटका. दर पावसाळ्यात नदी त्याला टेकते. पाणी पुलाच्या फरशीला लागलं की सरपंचाच्या घरच्या बाईने मधोमध उभं राहून नदीची ओटी भरायची: साडी, खण, नारळ, तांदूळ. ओटी मिळाली की नदी मागे फिरते. दर वर्षी ती मागे फिरतच होती, त्यामुळे या समजुतीविरुद्ध पुरावा काही मिळाला नव्हता. पूर्वी पाणी लागल्याचं जुनी माणसं येऊन सांगायची. पंचायतीचा भोंगा आल्यापासून ती तसदी उरली नाही. 'पूल पाण्याखाली जाण्याची शक्यता' असं तात्यांनी म्हटलं की बायका नारळ शोधायला लागायच्या. आमची धोक्याची सूचना हाच गावाचा मुहूर्त होता.

त्या सकाळी आई सूचनेच्या कागदावर सही करत होती आणि ती कुठे करायची ते आबा बोटाने दाखवत होते. आबा म्हणजे माझे वडील, गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. कोणत्याही दोन गोष्टींमध्ये समेट घडवणं हा त्यांचा स्वभावच होता.

"आई, यात काय लिहिलंय वाचलंस का? कुणीही पुलावर जाऊ नये."

"वाचलं की. बरोबरच हाय. लोकांनी जाऊच नये."

"आणि तू?"

"मी काय बघाय चालले व्हय? वटी सोडून माघारी येणार."

"आणि तुझ्यामागं सगळं गाव."

"मग? वटी काय एकटीनं भरत्यात?"

"सरूपा," आबा म्हणाले, "रूढीत विज्ञान घालू नये आन् विज्ञानात रूढी. तंटा तिथंच हुतो."

सही झाली. तात्यांनी सूचना दिली. आई हिरवी साडी नेसून, ताट घेऊन हलगीच्या मागे चालत पुलावर गेली, आणि मी गच्चीवर जाऊन एकशे सव्वीस मोजले.

पाणी फरशीच्या खाली हातभर होतं. सगळी ते लागायची वाट बघत होती. मी खाली उतरणार तेवढ्यात फोन वाजला. धरणावरचा माणूस होता.

"मॅडम, दरवाजे अजून उचललेत. पंधरा हजार क्युसेक होतं, त्याचे पंचेचाळीस केलेत. तुमच्या पुलावरून पाणी जाणार. कुणी असेल तर काढा."

"कधीपर्यंत येईल?"

"तासभर धरा. ओढे भरून आले तर त्याआधीच."

दरसालचं पाणी बोटाबोटाने चढायचं. माणसं त्याच्याकडे बघत मागे सरायची, पाय भिजवून हसत घरी जायची. हे तसं येणार नव्हतं. पुलाला कठडा नव्हता, नुसते दगड होते, आणि आई अगदी मधोमध उभी होती.

मी आईला फोन लावला. तो आबांनी उचलला. आईचा फोन त्यांच्याच खिशात असायचा.

"आबा, आईला घेऊन मागं या. लई मोठं पाणी येतंय."

"येऊ दे की. लागल्याबिगर वटी कशी सोडायची?"

"लागलं की मग पळायला वेळ मिळणार नाही. पंचेचाळीस हजार सोडलंय."

"पंचेचाळीस हजार काय?"

"क्युसेक."

"आगं, हितं हलगीत काय ऐकू येईना," असं म्हणून आबांनी फोन ठेवला.

"तात्या," मी म्हटलं, "सांगा. ताबडतोब पूल रिकामा करा म्हणावं. जिवाला धोका आहे म्हणावं."

तात्यांनी मनापासून सांगितलं. तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी तर त्यांचा आवाज कापला. मी गच्चीच्या कडेला उभी राहून बघत होते. वरच्या आळीतून माणसं धावत निघाली. एक म्हातारी नातीच्या खांद्यावर हात टाकून लगबगीने येत होती. सगळी पुलावर गेली.

"एकशे एकाहत्तर," मी म्हटलं.

"आवाज फुटला न्हवं माझा, त्यामुळं वाढली," तात्या म्हणाले.

"पोलीसपाटील कुठायत?"

"त्ये काय," तात्यांनी बोट दाखवलं. पोलीसपाटील गर्दी हटवायला गेले होते. ते हलगीवाल्याच्या शेजारी उभे होते आणि टाळ्या वाजवत होते.

पाणी आता वीतभर खाली होतं आणि त्याचा रंग बदलला होता. मी पळत जाऊन ओरडले असते, तर एकशे बहात्तर झाले असते. तेव्हा मला जुलैतली ती सकाळ आठवली. वेशीतून आलेली जीप. विज्ञानात जे कलात बसत नाही, त्याच्याकडेच नीट बघायचं असतं, असं आम्हाला शिकवलं होतं. मी इतके दिवस बघितलं नव्हतं.

आकडे. खांबावरच्या तारेला वायरचा आकडा टाकायचा आणि मीटरला कळू न देता घरात दिवे लावायचे, शेगडी तापवायची. गावात ते कुणाकुणाकडे आहेत, हे मला साधारण माहीत होतं. आबा ग्रामसभेत दर वेळी त्यावर बोलायचे. 'फुकटची वीज म्हणजे शेजाऱ्याच्या ताटातली भाकरी,' असं त्यांचं एक वाक्य होतं. लोक मान डोलवायचे.

मी आधी सबस्टेशनला फोन केला. "आमच्या गावाची लाइन बंद करा."

"पाणी शिरलं का?"

"शिरतंय." पावसात भिजलेली माणसं चालू तारेवरचे आकडे ओढायला लागली, तर नदीतून वाचलेली खांबाला चिकटायची. पुराच्या दिवसांत लाइन बंद करायला कुणी जास्त विचारत नाही. पंचायतीतला पंखा थांबला. भोंगा बॅटरीवर होता.

"तात्या, आता मी सांगते तसं म्हणा. वीज कंपनीचं पथक गावात आलंय, घरोघर तपासणी करणार आहे."

तात्यांनी खिडकीतून वेशीकडे बघितलं. "कुठं आलंय?"

"आलेलं नाही."

"मग?"

"तरी सांगायचं."

तात्यांनी माइक टेबलावर ठेवला. "पोरी, बावीस वर्सं झाली या भोंग्याला. मयताची बातमीबी मी सोता नाडी बघितल्याबिगर देत न्हाई. एकदा समदी मेला म्हणत असताना नाडी लागली, म्हणून आनंदा शिंप्याला तर मी जिता ठेवला हुता."

"तात्या, तासाभरानं किती नाड्या बघायला लागतील, सांगा."

तात्यांनी पुलाकडे बघितलं. मग त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली, जणू काही ती ऐकू नये. माइक घेतला, खाकरले.

"समस्त ग्रामस्थांना कळवण्यात येतं की वीज कंपनीचं पथक गावात दाखल झालेलं हाय. लाइन बंद करून खालच्या आळीपासनं तपासणी चालू हाय. तरी ग्रामस्थांनी सहकार्य करावं."

सहकार्याचं त्यांनी स्वतःहून घातलं होतं.

एक क्षण हलगी तेवढी वाजत राहिली. मग पुलावरची गर्दी एखाद्या टोकाला गाठ सुटावी तशी सुटली. माणसं पळत होती. चपला निसटत होत्या, कुणी त्या घ्यायला थांबत नव्हतं. नातीबरोबर आलेली म्हातारी आता नातीच्या पुढे होती. पोलीसपाटलांनी धोतर गुडघ्यापर्यंत ओढलं होतं. म्हशीसुद्धा, काय झालं हे न कळता, मागोमाग निघाल्या. आणि सगळ्यांत पुढे आबा होते.

माझा ऊर भरून आला. फोनवर काही का म्हणाले असेनात, शेवटी लोकांना वाट दाखवायला तेच पुढे झाले होते.

मागे वळले तर तात्या चपला घालत होते.

"कुठं निघालात?"

"जरा घरी जाऊन येतो."

"तात्या, पथक आलेलं नाही. तुम्हीच तर सांगितलं."

"मीच सांगितलं म्हणून तर," तात्या म्हणाले. "मी आजवर खोटं सांगितलेलं न्हाई." आणि ते गेले.

मी पुन्हा पुलाकडे बघितलं. मोजायला वेळ लागला नाही. दोघं उरली होती: हलगीवाले शिदूमामा, आणि ताट हातात धरून मधोमध उभी असलेली आई.

मी हिशेबात एक साधी गोष्ट धरली नव्हती. ज्याच्या घरी आकडा नाही, त्याला पळायचं कारण नाही.

मी पुलावर पोचले तेव्हा पाणी फरशीच्या कडेला चाटत होतं आणि पायाखाली पूल गुरगुरत होता. वरून एक आख्खं बाभळीचं झाड येऊन खांबाला धडकलं. शिदूमामांची हलगी चालूच होती.

"आई, चल!"

"सरूपा, समदी कशापायी पळाली गं?"

"आकडे काढायला. चल आधी."

"मग आपुन कशाला पळायचं? आपल्याकडं कुठं आकडा हाय?" तिला खरोखरच समजत नव्हतं. "तुझं आबा गेल्यात की फुडं. लोकांस्नी समजावून सांगाय गेलं असतील. येतील इतक्यात. आन् आता तर पाणी लागलं. वटी सोडते."

"आई, पथक आलेलंच नाही. मी तात्यांना खोटं सांगायला लावलं."

आई वळून माझ्याकडे बघत राहिली. नदीकडे तिने इतक्या भीतीने एकदाही बघितलं नव्हतं.

"भोंग्यावरनं? खोटं?"

"हो."

"सरपंचाची पोरगी असून?"

"हो!"

"चल घरी," आई म्हणाली. "तुझ्या आबांच्या म्होरं उभी करते तुला." तिने ताट होतं तसंच पदराखाली घेतलं, माझा दंड धरला आणि तरातरा निघाली. नदीच्या भीतीने जे झालं नाही, ते माझ्या अपराधाने झालं.  मी तिला राग टिकवू दिला.

"शिदूमामा, तुम्ही पण!"

"वटी झाल्याबिगर हलगी थांबवत न्हाईत," शिदूमामा म्हणाले. मग त्यांनी आईची पाठ बघितली, रिकामा पूल बघितला. "पर आता वाजवायचं कुणाला?" त्यांच्या घरी आकडा नव्हता, कारण त्यांच्या घरी दिवाच नव्हता. मीटरसाठी अर्ज दिलेला होता.

आम्ही चढावर पोचलो आणि मागे आवाज झाला. पुलावरून एकदम छातीएवढं पाणी गेलं. फलक आणि त्याला टेकवलेली सायकल दोन्ही गेली. आई थांबली, नदीला तिथूनच हात जोडले आणि पुन्हा माझा दंड धरला.

घर येईपर्यंत ती एकच वाक्य बोलत होती: "बघू आता आबा काय म्हणत्यात ते."

आबा दारात नव्हते. सोप्यातही नव्हते. गोठ्याच्या मागून बांबूचा आवाज येत होता म्हणून आम्ही तिकडे गेलो. आबा पावसात शिडीवर उभे होते. एका हातात बांबू, दुसऱ्या हातात वायर. वायर गोठ्याच्या कौलांखालून आमच्या स्वयंपाकघरात जात होती. आई ज्या शेगडीवर रोज अंघोळीचं पाणी तापवायची, त्या बाजूला. तिचं दुसरं टोक खांबावरच्या तारेला अडकलं होतं आणि काही केल्या सुटत नव्हतं.

आबांनी आम्हाला बघितलं.

"वाऱ्यानं कुणाची तरी वायर उडून आली," ते म्हणाले.

 आई शिडीच्या पायथ्याशी गेली, पदराखालचं ओटीचं ताट काढून तिथे चिखलात ठेवलं आणि घरात गेली. आत तिने शेगडीचा प्लग काढल्याचा आवाज आला.

पाणी ओसरल्यावर तालुक्याहून पंचायतीला प्रशस्तिपत्र आलं. प्रभावी सूचनांमुळे तांबूळवाडीचा पूल वेळेत रिकामा झाला आणि जीवितहानी टळली, असं त्यात होतं. ते चौकटीत घालून भिंतीवर लावलं. त्याच आठवड्यात ग्रामसभा भरली, आणि भोंग्यावरून खोटी सूचना दिल्याबद्दल पूर सूचना सहायकाचा निषेध करावा, असा ठराव आला. तो तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षांनी मांडला.

"भोंगा म्हंजे गावाची जबान," आबा म्हणाले. माझ्याकडे न बघता. "ती एकदा खोटी ठरली, की उद्या पूर आला तरी लोक ऐकायची न्हाईत."

लोकांनी मान डोलवली. तात्या कोपऱ्यात टोपीशी चाळा करत बसले होते.

आई सरपंचाच्या खुर्चीत होती. त्या दिवशी तिच्या मागे उभं राहून बोट दाखवायला कुणी नव्हतं.

"ठराव बरोबर हाय," ती म्हणाली. "मतदान घेऊ. त्या दिवशी ज्येच्या घरावर आकडा नव्हता, त्येनं हात वर करावा. त्येचंच मत धरायचं."

 आबांचा हात खांद्यापर्यंत आला होता. आईने त्यांच्याकडे बघितलं. आबांनी त्याच हाताने टोपी सरळ केली. दाराजवळ बसलेल्या शिदूमामांनी हात वर केला, इकडे तिकडे बघितलं, आणि एकटेच आहोत हे बघून खाली घेतला.

"माझा काय निषेध न्हाई," ते म्हणाले. "मी आपला आकडा न्हाई म्हणून हात केला."

"तू न्हाई करत व्हय, वैनी?" कुणीतरी मागून विचारलं.

"न्हाई," आई म्हणाली. तिने स्वतःचा हात टेबलावर तसाच ठेवला. "सरूपा, मोजून सांग."

"ठरावाच्या बाजूने शून्य," मी म्हटलं.

पुढच्या महिन्यात मीटर वाचणारा आला. त्याने आमचं मीटर दोनदा वाचलं, काच पुसून तिसऱ्यांदा वाचलं. एकशे सोळा युनिट पडले होते. आदल्या महिन्यात एकोणीस होते.